बारा हाका, दोन खडे

४ एप्रिल, शुक्रवार. टौरंगा

ही वही अनुयाने दिली. शाळेची जुनी आहे, मागच्या पानांवर तिची गणितं आहेत. वनखात्यात छत्तीस वर्षं रोज डायरी लिहिली. गस्त किती किलोमीटर, पाणवठ्यावर कुणाचे ठसे, कुठे तोड झाली. निवृत्त झालो त्या दिवसापासून सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आज घडलं.

आम्ही दोघं अमेयकडे येऊन तीन आठवडे झाले. मुलगा इथे फार्मासिस्ट, सून अक्षता हॉस्पिटलात नर्स, नात अनुया नऊ वर्षांची. मंडळी प्रेमाने ठेवतात. फक्त अनुयाचं बोलणं कळत नाही. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते, तेही तोंडातल्या तोंडात. मी मान हलवतो. मान हलवली की पोर खूश असते. आणि द्रौपदीचा आवाज इकडे आल्यापासून फारच चढला आहे. परतवाड्याला ठीक होतं, इथे शेजारी गोरे आहेत. तिला म्हटलं, जरा हळू बोलत जा. नुसती हसली.

दुसरं म्हणजे, या देशात रातकिडे नाहीत. रोज रात्री मागच्या अंगणात बसून पाहिलं. एवढं गवत, एवढी झुडपं, आणि किर्रर्र म्हणून नाही. अभ्यास करण्यासारखी गोष्ट आहे.

तर आजची घटना. जेवताना अमेय म्हणाला, "बाबा, ईस्टरला चार दिवस सुट्टी आहे. बुशमध्ये कॅम्पिंगला जाऊ या. तुम्ही असलात तर अनुया येईल."

बुश म्हणजे इथलं रान. अनुयाने चमचा खाली ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. अक्षताने मला मोठ्याने सांगितलं, "ती म्हणतेय, तो आवाज परत आला तर?"

जानेवारीत हे तिघं फिरिनाकीच्या रानात तंबू ठोकून राहिले होते. रात्री अकराच्या सुमाराला तंबूजवळ कुणीतरी किंचाळलं. एकदा नाही, वीसेक वेळा, एका दमात. यांनी तंबू तसाच गाडीत कोंबला आणि रात्री दोनला रोटोरुआत मॉटेल गाठलं. तेव्हापासून अनुया दिवा लावून झोपते. मे महिन्यात तिच्या वर्गाचा कॅम्प आहे. तिने फॉर्म घरी आणून फ्रिजवर पालथा चिकटवला आहे.

"तुम्ही जंगलात राहिलेले आहात," अमेय म्हणाला. "तुम्ही ऐका आणि सांगा काय आहे ते."

म्हटलं, ऐकतो. सहा वर्षांनी कुणीतरी मला कामावर बोलावलं.

९ एप्रिल, बुधवार

साक्षी घेतल्या. प्रत्येकाला वेगळं बसवून, एकमेकांचं ऐकू न देता. खात्यात असंच करायचो.

अमेयच्या मते तो पॉसम. मांजराएवढं, झुबकेदार शेपटीचं जनावर, बाहेरून आणलेलं, आता इथल्या रानाला डोईजड झालेलं. पण हे तो अक्षताच्या खोलीकडे बघत सांगत होता, म्हणजे खात्री नाही. अक्षता म्हणाली, "बाबा, ती बाई होती. लेबर वॉर्डात ऐकते ना, तसा आवाज." अनुयाने बोलण्याऐवजी काढून दाखवलं. पेन्सिलीने तिरप्या रेघा, प्रत्येक खालून वर जाणारी, एकापुढे एक. शेवटच्या रेघा जास्त गडद. म्हणजे आवाज वर चढत जाणारा, शेवटी जोर. कामाची साक्ष. तिघांत पोर सर्वांत पक्की.

तिने विचारलं (हे कळलं, कारण हातवारे केले), वाघ आला की कसं कळायचं? सांगितलं की वाघ क्वचित बोलतो. सांबर बोलतं, वानर बोलतं, चितळ बोलतं. आपण त्यांचं ऐकायचं. तिने आणखी काहीतरी विचारलं. मी मान हलवली. ती एकदम गप्प झाली. नंतर अक्षताने सांगितलं, तिने विचारलं होतं, आबा, तुम्ही कधी कुणाला जंगलात हरवलंत का?

इंग्रजीची ही अशी गंमत.

१३ एप्रिल, रविवार

हॅमिल्टनला जयंतीचा कार्यक्रम, 'ते रापा' नावाच्या भागातल्या हॉलमध्ये. आपली साठ-सत्तर माणसं. डॉक्टर, नर्सेस, सॉफ्टवेअरवाले. निळे फेटे बांधून पोरांनी छान नाच केला. भाषणं तीन झाली, माईक तिन्ही वेळा खराब. एवढ्या पुढारलेल्या देशात धड माईक नसावा याचं आश्चर्य वाटलं. जेवताना कुणा फार्मासिस्टच्या आई, वासंतीताई, शेजारी बसल्या. त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, "छत्तीस वर्षं." त्या बघतच राहिल्या. द्रौपदीने मध्ये पडून सांगितलं, "एक मुलगा, एक मुलगी. मुलगी नागपूरला." विषय बदलला.

१८ एप्रिल, शुक्रवार. फिरिनाकी

दोन दिवस वादळ होतं, निघावं की नाही यावर काल रात्रीपर्यंत वाद. आज सकाळी उघडलं. अडीच तास गाडी. आधी नुसती लावलेली पाइनची झाडं, ओळीने, शिपायांसारखी. मग एका वळणावर खरं रान सुरू झालं.

काय लिहू. सातपुड्यात एवढी वर्षं काढली, पण असं ओलं, गच्च रान पाहिलं नव्हतं. झाडांची खोडं पाच माणसांनी कवेत घ्यावीत अशी. खाली नेचे, तेही झाडाएवढे. विंचू नाही, साप नाही, हात कुठेही ठेवा. अर्धा तास मी लहान पोरासारखा पालापाचोळा उलटत बसलो. द्रौपदी ओरडली, "काय हरवलं बाप्पा तुमचं?"

जागा ओढ्याकाठी आहे. पावसाने ओढा फुगलेला, त्याची धडधड चालूच. एक खड्ड्याचा संडास, त्याला हे लाँगड्रॉप म्हणतात, चाळीस पावलांवर. पलीकडे, सत्तरेक पावलांवर, एका जुन्या बसचं घर करून राहणारा एकटा माणूस. बाकी कुणी नाही.

रात्री आठला जेवणं उरकली आणि वरच्या डोंगरधारेवरून आवाज आला. घोगरा, लांब, पोटातून ओढलेला.

या देशात वाघ नाही हे मला पाठ आहे. पण पायांना पाठ नव्हतं. मी उठून तंबू आणि रान यांच्या मध्ये उभा राहिलो, हातात भाताचा झारा.

अमेय हसायला लागला. "बाबा, हरीण आहे ते."

"हरीण असं ओरडत नाही."

"इथलं ओरडतं. आत्ता माजावर असतात नर."

आणखी चार वेळा ओरडलं. मी खाली बसलो, पण झारा ठेवला नाही.

साडेनऊला दुसरा. डब्याच्या पेटीजवळ कुणी म्हातारा विडी ओढून खोकावा तसा. टॉर्च मारला तर दोन लाल डोळे, झुबकेदार शेपूट. पॉसम. अनुया माझ्या पाठीआडून बघत होती. तिने मान जोरात हलवली. हा तो नव्हे. एक संशयित सुटला.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी बसवाला स्वतःच आला. "किया ओरा" म्हणाला. नाव हेमी, माओरी, अडुसष्ट वर्षांचा. पूर्वी याच रानात लाकूडतोडीच्या कामावर होता, आता इथली झाडं राखायला मदत करतो. आवाज ढोलातून आल्यासारखा. आश्चर्य म्हणजे त्याचं इंग्रजी मला स्वच्छ कळलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

आम्ही तासभर झाडांवर बोललो. अर्धं हातांनी, अर्धं शब्दांनी. त्याने रिमूचं खोड दाखवलं, मी सागाचं पान कसं खरखरतं ते सांगितलं. रात्रीचं हरीणच होतं, त्यानेही सांगितलं. द्रौपदीने त्याला भाकरी-ठेचा दिला. पहिल्या घासाला डोळे पुसले, "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणाला आणि आणखी मागितला.

मग मी आमचं प्रकरण मांडलं. अनुयाच्या रेघांचा कागद सोबत आणला होता. त्याने कागद पाहिला, अनुयाकडे पाहिलं आणि हसला. नाव सांगायला तयार नाही. म्हणाला, आधी त्याला भेटा, मग नाव विचारा.

आज रात्री दहा ते बारा मी तंबूबाहेर खुर्चीवर बसणार. रीतसर पहारा. अमेय म्हणाला गरज नाही. मला आहे.

२० एप्रिल, रविवार. पहाटे तीन

झोप येत नाही म्हणून टॉर्चच्या उजेडात लिहितो आहे.

दहाला सगळे तंबूत गेले. मी खुर्चीवर, तोंड रानाकडे, पाठ तंबूकडे. ओढ्याची धडधड. वर चांदणं स्वच्छ. धारेवर हरीण दोनदा ओरडलं, बाकी शांतता. एवढं मोठं रान आणि एवढी शांतता. मला जरा वाईटही वाटलं, की पोरीला सांगायला काही मिळणार नाही.

मग डावीकडून टॉर्चचा उजेड हलत आला. हेमी. त्याच्या अंगावरचं घोंगडं अनुयाभोवती गुंडाळलेलं, तिचे पाय चिखलाने माखलेले, एकाच पायात जँडल (इथली रबरी चप्पल), आणि ती हुंदके देत होती. तंबूची चेन उघडून अक्षता धावली.

झालं ते असं. अनुया साडेअकराला संडासला जायला उठली. बाहेर येऊन तिने मला सांगितलं. येताना तो आवाज अगदी जवळ झाला. ती पळाली, उलट्या बाजूला, ओढ्याकडे उतारावर घसरली आणि नेच्यांत अडकली. तिथून तिने हाका मारल्या. "आबा! आबा!" हेमीला बसमध्ये झोपेत ऐकू आल्या. मी तिच्यापासून पंचवीस पावलांवर होतो. नंतर मोजली.

ओढा तिच्या खाली चार हातांवर होता. फुगलेला.

अमेयने तिच्या पायांचा चिखल पुसला. मग म्हणाला, "बाबा, झोप लागली का तुम्हाला?"

मी म्हणालो, "हो. डोळा लागला."

पहाऱ्यावर झोपणं यासारखी लाजेची गोष्ट आमच्या खात्यात नाही. मी दोन माणसांना त्यासाठी मेमो दिले आहेत. तरी मी हो म्हणालो. कारण मी झोपलो नव्हतो. डोळे उघडे होते, हातात टॉर्च होता, अकरा पंचवीसला घड्याळ पाहिलं होतं. जागा होतो आणि काही ऐकलं नाही, हे मी माझ्या मुलाला कसं सांगू? मलाच ते कळत नाही.

द्रौपदी माझ्याकडे बघत होती.

२० एप्रिल, संध्याकाळ

सकाळी अमेय आणि अक्षता सामान आवरून परत निघायच्या बेतात होते. अनुयाच नको म्हणाली. तिची जँडल शोधायची होती. मी म्हणालो, मी येतो.

उतारावर जँडल सापडली. तिथेच मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "मला सगळं सांग. माझ्याकडे बघून, मराठीत, सावकाश."

ती अडखळत बोलली. "मी तुला सांगितला, आय ॲम गोइंग टू द टॉयलेट. तू मान हलवला."

मी मान हलवली. खरंच असेल. मी सगळ्यालाच हलवतो.

मग मी पंचनामा करायचं ठरवलं. तिला म्हटलं, तू रात्री होतीस तिथेच उभी राहा. मी खुर्चीवर रात्रीसारखाच पाठ करून बसतो. तू बारा हाका मार, रात्री मारल्यास तेवढ्या जोराने. मी ऐकलेल्या प्रत्येक हाकेला एक खडा खाली ठेवीन. द्रौपदीला साक्षीदार म्हणून मध्ये उभं केलं.

बराच वेळ गेला. मी एक खडा ठेवला. मग आणखी एक. मग कंटाळून ओरडलो, "अगं, सुरू कर ना!"

मागून खांद्यावर हात पडला. अनुया होती. तिच्या बारा हाका कधीच संपल्या होत्या. चेहरा लाल झाला होता. जमिनीवर दोन खडे. द्रौपदी पदराचं टोक चावत उभी होती.

मी म्हणालो ओढ्याचा आवाज आहे. मग गाडीरस्त्यावर गेलो, तिथे ओढा ऐकू येत नाही. पुन्हा पंचवीस पावलं, पुन्हा बारा हाका. पाच खडे. तिसऱ्यांदा द्रौपदीला ओरडायला लावलं. अकरा खडे. चौथ्यांदा हेमी. त्याच्या प्रत्येक हाकेला खडा पडला.

म्हणजे आवाज जाड असेल तर येतो. बारीक असेल तर येत नाही. पोराचा येत नाही.

विचित्र वाटेल, पण त्या क्षणी दुःख नव्हतं झालं. खूप दिवसांनी ठसा नीट उमटलेला मिळावा, तसं वाटलं. दुःख नंतर, जेवताना झालं.

अनुयाने काहीतरी विचारलं. मी मान हलवणार होतो. थांबलो आणि म्हणालो, "काय? परत सांग."

ती माझ्या कानाशी आली. "आर यू गोइंग डेफ, आबा?"

"तसं दिसतंय," मी म्हणालो.

अमेयला जाऊन सांगितलं, की मी रात्री झोपलो नव्हतो. का ते सांगितलं. तो उठला, काहीतरी करायचं म्हणून तंबूचे दोर ताणत बसला, मग परत आला आणि माझ्या शेजारी बसून राहिला.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळ

काल रात्री अनुया आणि मी दोघं बाहेर बसलो. कल्पना तिची. ती म्हणाली, तिला भीती वाटते पण ऐकू येतं, मला भीती वाटत नाही पण ऐकू येत नाही. दोघं मिळून एक माणूस होतो. (हे मराठीत म्हणाली. "एक पूर्ण पर्सन".) एकाच घोंगडीत बसलो. ठरलं असं, की तिने ऐकलेली प्रत्येक गोष्ट माझ्या मनगटावर बोटाने दाखवायची.

पहिला तासभर ती मला छोट्या छोट्या गोष्टी सांगत होती. एक टकटक, "घुबड", मागे. बोट घासून, "काहीतरी झाडात, किडा, हीप्स", म्हणजे ढीगभर. मी विचारलं, किडा म्हणजे कसा? ती म्हणाली, सगळीकडे आहेत, आबा, घरी पण, रोज. मी रातकिड्यांची ती नोंद मनात खोडली.

पावणेअकराला तिचं सगळं अंग ताठ झालं. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं की दुखलं. मग बोट पडायला लागलं. टक. टक. टक. प्रत्येक वेळी जरा जोरात. मी मोजत होतो. मला ओढा ऐकू येत होता, तिचा श्वास जाणवत होता, आणि मनगटावर सतरा, अठरा, एकोणीस. एकविसाव्याला थांबलं.

"कुठून?" मी तिच्या कानात विचारलं.

तिने हात करून दाखवलं. "लांब की जवळ?" विचार करून म्हणाली, "मोठ्या झाडाच्या मागे. हलत नाही." तिचा आवाज थरथरत होता, पण उत्तर नेमकं होतं. चांगला वनरक्षक घाबरलेला असला तरी दिशा चुकत नाही.

आणि मग उजवीकडून, अगदी जवळून, दुसरा आवाज आला. खरखरीत, घसा बसलेल्या माणसासारखा, एकामागून एक. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. हा मी ऐकला होता! बोट न लागता. मी तिच्या मनगटावर टक टक करायला लागलो आणि ती तोंडावर हात दाबून हसली.

नेच्यांखालून एक वाटोळं, तपकिरी, बिनपंखाचं काहीतरी निघालं. लांब चोच जमिनीत खुपसत, म्हाताऱ्या कारकुनासारखं पाठ वाकवून चालत गेलं. आमच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी हेमीने नाव सांगितलं. कीवी. शीळ घालतो तो नर, खरखरते ती मादी. एकमेकांना विचारतात, तू आहेस का. "तुमच्या डॉलरच्या नाण्यावर आहे तोच," तो म्हणाला. अमेय कपाळाला हात लावून बसला. नाण्यावरच्या पाखराला घाबरून त्याने मॉटेल गाठलं होतं.

२२ एप्रिल, मंगळवार. टौरंगा

द्रौपदीला विचारलं, तुला कधी कळलं?

"चार वर्सं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतच तं होती! तुमाले आयकू कुठी येत होतं?" मग जरा थांबून, "डॉक्टरकडे चला म्हटलं, तं तुम्ही म्हणाले माहे कान वनखात्याचे हायेत. मंग म्या बोलणंच वाढवलं."

"लोक तुला भांडकुदळ म्हणत असतील."

"म्हणू देलं." आणि भाजी चिरायला लागली. हे सगळं तिने मोठ्याने सांगितलं, खिडक्या उघड्या असताना. मी एकही खिडकी लावली नाही.

२ मे, शुक्रवार

अक्षताने कानांची तपासणी करवली. काचेच्या खोलीत बसवून, कानांना हेडफोन लावून. ऐकू आलं की बटण दाबायचं. शेवटी कागदावर आलेख दिला. डावीकडे जाड आवाज ठीक, मग बारीक आवाजांकडे कडा कोसळावा तशी रेघ खाली. मशीन मिळेल, तीन आठवड्यांनी. फरक पडेल, पूर्वीसारखं होणार नाही.

मी विचारलं, हे कधीपासून असेल? तपासणारी मुलगी अंदाज सांगायला तयार नव्हती. फार विचारल्यावर म्हणाली, इतकं हळूहळू जातं की माणसाला पत्ता लागत नाही. आठ-दहा वर्षं सहज.

अनुयाने कॅम्पचा फॉर्म भरला. फ्रिजवर आता सुलटा आहे. आनंदाची गोष्ट आहे, आणि मला ती नीट साजरी करता आली नाही, कारण मी घरी येईपर्यंत वजाबाकी करत होतो. आठ-दहा वर्षं. निवृत्त होऊन सहा झाली.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री आमच्याकडे पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणीगणना होते. नोकरीतल्या शेवटच्या वर्षी माझ्याबरोबर कृष्णा कास्देकर होता, कोरकू, तरुण वनरक्षक. सकाळी त्याचा फॉर्म मी तपासला. त्यात लिहिलं होतं, रात्री दोन वाजून दहा मिनिटं, रानकुत्र्यांची शीळ, पश्चिमेकडून. मी त्याच मचाणावर रात्रभर जागा होतो. काही शीळबीळ नव्हती. मी चारचौघांत ती ओळ लाल शाईने कापली आणि म्हणालो, "कास्देकर, फॉर्ममध्ये जनावरं लिहायची असतात, स्वप्नं नाही." बाकीचे हसले. तो "हो साहेब" म्हणाला.

रानकुत्र्यांची शीळ बारीक असते.

त्या आधीच्या वर्षीही मी कुणाच्या तरी ओळी कापल्या होत्या. किती, ते आठवत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी कडक अधिकारी आहे.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

दहा दिवस फोन हातात घेऊन ठेवत होतो. आज सकाळी वंदना झाली, खीर झाली, आणि मग वाटलं, आज रात्री तो मचाणावर असणार. संध्याकाळी इथे साडेसहा, तिकडे दुपारचे बारा. अमेयचा हेडफोन लावला, आवाज शेवटपर्यंत वाढवला.

"साहेब! न्यूझीलंडवरून?"

इकडचं तिकडचं न बोलता मी सरळ सांगितलं. माझे कान गेलेत, तेव्हाच गेले होते. तू लिहिलेलं खरं होतं. मी चारचौघांत तुझा अपमान केला. माफ कर.

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, बोलला आणि मलाच ऐकू आलं नाही. "कृष्णा, काही म्हणालास का?"

"नाही साहेब, अजून नाही." मग म्हणाला, "ते तर मी पाठवलं होतं."

"काय पाठवलं?"

"रानकुत्रे. तुम्ही कापलं, मग मी कोरा फॉर्म घेतला आणि परत सगळं लिहिलं. वर तोच गेला."

"आणि माझी सही?"

"मीच केली, साहेब." जरा थांबून, "तुमची सही सोपी आहे."

मी विचारलं, असं किती वेळा? तीन वर्षं, तो म्हणाला. बीटवरच्या सगळ्या वनरक्षकांना माहीत होतं. तुम्हाला मागून हाक मारली तर तुम्ही वळत नव्हता. गस्तीवर आम्ही तुम्हाला मध्ये ठेवायचो, एक जण पुढे, एक मागे. तुम्हाला वाटायचं अधिकाऱ्याचा मान.

खरंच मला तसंच वाटायचं.

हजेरीपटावर खोटी सही केली म्हणून मी एका माणसाची बदली केली होती. कृष्णावर रागवावं असं मी स्वतःला सांगून पाहिलं. राग आला नाही. उलट भलतंच विचारलं, "सगळं बरोबर लिहिलं होतंस ना? वेळ, दिशा, संख्या?"

"हो साहेब. तुम्ही शिकवलं तसंच."

मग त्याला निघायचं होतं, तीनला गाडी येणार होती, पाणी आणि डबा भरायचा होता. आज तो त्याच पाणवठ्यावर, सोबत नवीन पोरगी आहे, पहिलीच गणना. तिला काय सांगू, त्याने विचारलं. मी म्हणालो, काही सांगू नकोस, ती लिहील ते कापू नकोस.

"आणि उद्या सकाळी उतरलास की मला फोन कर," मी म्हणालो. "रात्रभर काय काय ऐकलं, पहिल्यापासून सांग. पण सावकाश. मला दोन-दोनदा विचारावं लागेल."

"तीनदा विचारा, साहेब," कृष्णा म्हणाला.